आधी आठवडा, मग मासा, मग तळं आणि सगळ्यात शेवटी लॉज

कॅनडाच्या उत्तर ऑन्टारिओत मासेमारीला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी लॉजच्या वेबसाइटी उघडून बसतात. सगळीकडे फोटो एकच: दोन्ही हातांत आडवा धरलेला मोठा मासा आणि मागे मावळतीचं पाणी. तो मासा कुठल्या महिन्यात मिळाला आणि किती खोलीवर मिळाला, हे फोटो सांगत नाही, आणि तुमची सुट्टी तर या दोन गोष्टींवरच उभी असते. एकट्या ऑन्टारिओत अडीच लाखांहून जास्त तळी आहेत. त्यांतून एक निवडायचं तर क्रम ठरलेला हवा. मी टोरोंटोशेजारच्या मिसिसागाहून गेली एकोणीस वर्षं उत्तरेला जातोय. सुरुवातीची चार वर्षं हा क्रम उलटा धरला, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो.

आठवडा

उत्तरेच्या बऱ्याच भागांत वॉलाय या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. मासे हवे असतील तर जूनचा पहिला पंधरवडा घ्या, पण काळ्या माश्या तेव्हा अंगाचे लचके तोडतात. लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर जुलैअखेर ते ऑगस्ट घ्या. शांतता हवी असेल तर सप्टेंबर.

मासा

पहिल्यांदा जाताय? मग वॉलाय. इथले लोक त्याला पिकरल म्हणतात. मांस पांढरं, काटा कमी. तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तळला तर कोकणातला माणूसही नाव ठेवणार नाही. पाइक जोरात ओढतो, मुलांना मजा येते, पण त्याच्या पाठीत दुबेळक्या काट्यांची रांग असते आणि ती काढायची पद्धत शिकावी लागते. लेक ट्राउट फार सावकाश वाढतो. मोठा मिळाला तर फोटो काढून सोडून द्या, ही माझी विनंती आहे.

तळं

लोक इथेच फसतात. मीही फसलो.

माझी तिसरी सहल जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होती. आम्ही चौघं, पाच दिवस. तळं इतकं स्वच्छ की होडीतून वाकून पाहिलं तर पाच-सहा मीटर खालचा खडक दिसायचा. पाण्याकडे पाहूनच सगळे खूश झाले. लॉजच्या मालकाला मी फोनवर विचारलं होतं, "वॉलाय आहे का?" तो म्हणाला, "आहे." त्याचं उत्तर खरं होतं, माझा प्रश्नच चुकीचा होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आम्ही गळ टाकत राहिलो आणि पाच दिवसांत चौघांत मिळून तीन वॉलाय लागले. शेजारच्या केबिनमधले दोन म्हातारे दिवसभर पत्ते खेळायचे, साडेआठला होडी काढायचे आणि अंधार पडल्यावर मासे घेऊन परतायचे.

कारण पुढे कळलं. वॉलायच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, मांजराच्या डोळ्यांत असतो तसा. अंधुक उजेडात त्याला इतरांपेक्षा चांगलं दिसतं, म्हणून स्वच्छ पाण्याच्या तळ्यात तो पहाटे आणि तिन्हीसांजेला खातो. उन्हात खोल उतरतो किंवा गवताच्या सावलीत पडून राहतो. याउलट काही तळ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. आजूबाजूच्या दलदलीतला पालापाचोळा कुजून तो रंग उतरतो, ती घाण नव्हे. अशा पाण्यात उजेड खाली पोचत नाही आणि वॉलाय भर दुपारीही गळाला लागतो. शिवाय ते पाणी वसंतात लवकर तापतं, म्हणजे मे-जूनलाही तेच बरं. मुलांबरोबर जाणाऱ्यांनी तपकिरी पाण्याचं तळं सोडून दुसरीकडे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री साडेनऊला सात वर्षांच्या मुलाला होडीत बसवून कोणाचंच भलं होत नाही.

आता तळ्याचा स्वभाव घरबसल्या कसा ओळखायचा? ऑन्टारिओ सरकारचं 'फिश ऑन-लाइन' नावाचं नकाशाचं साधन आहे, फुकट आहे. तळ्याच्या नावावर शोधा. तिथे कोणकोणते मासे नोंदले आहेत, सरकारने पिल्लं सोडली आहेत का आणि तो भाग मासेमारीच्या वीस विभागांपैकी कुठल्या विभागात येतो, हे कळतं. माशांची यादी नीट वाचा. लेक ट्राउट असेल तर तळं खोल, थंड आणि बहुधा स्वच्छ आहे असं धरून चाला. त्या माशाला दहा अंशांच्या आसपासचं, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. टेमागामी हे याचं उत्तम उदाहरण. सुंदर तळं आहे, पण जुलैत तिथले ट्राउट वरचं कोमट पाणी सोडून खाली थंड थरात जातात आणि वजन लावून आमिष खोल नेण्याची सामग्री नसेल तर तुम्ही वरवर फिरत राहता. बर्फ गेल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत हेच ट्राउट काठाजवळ येतात. तळं तेच आणि मासा तोच, पण महिना बदलला की सगळंच बदलतं. आठवडा आधी ठरवा म्हणतो ते याचसाठी.

पुढे खोलीचा नकाशा उघडा. बऱ्याच तळ्यांचे मिळतात. जुने नकाशे फुटांत आहेत, तेव्हा आकडा फुटांचा की मीटरचा हे आधी पाहा. लॉज कुठे आहे तिथे खूण करा आणि भोवती सात-आठ किलोमीटरचं वर्तुळ काढा. लॉजबरोबर मिळणारी होडी बहुतेकदा चौदा-सोळा फुटी ॲल्युमिनियमची आणि लहान मोटरची असते. तिच्यातून रोज त्यापलीकडे जाणं होत नाही. त्या वर्तुळात काय आहे ते मोजा: नदीचं तोंड, दोन बेटांमधली चिंचोळी वाट, पाण्यात घुसलेलं खडकाळ टोक, मधेच वर आलेला उंचवटा. जूनच्या सुरुवातीला वॉलाय नदीच्या तोंडाशी आणि उथळ खाडीत असतो, कारण नुकतीच त्याने वाहत्या पाण्यात अंडी घातलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो त्या उंचवट्यांवर सहा ते नऊ मीटरवर सापडतो. वर्तुळात अशा पाच-सहा जागाही निघाल्या नाहीत तर तळं कितीही प्रसिद्ध असो, सोडून द्या.

शेवटी वारा. याबद्दल कोणी बोलत नाही. निपिसिंग तळं घ्या. टोरोंटोहून साधारण साडेतीनशे किलोमीटर, पोचायला सोपं, म्हणून आपले लोक हमखास तिथे जातात. पूर्व-पश्चिम पासष्ट किलोमीटरच्या आसपास लांब आणि सरासरी खोली पाच मीटरही नाही. पश्चिमेचा वारा सुटला की उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा झरझर चढतात. एका सप्टेंबरात अशाच एका उघड्या, उथळ तळ्यावर आम्ही सहापैकी तीन दिवस धक्क्यावर बसून काढले. चौथ्या दिवशी घाई केली, निघालो, आणि परतताना होडीत इतकं पाणी आलं की मित्राचा मुलगा दोन्ही हातांनी डबा घेऊन पाणी उपसत होता. त्याचा पांढराफटक चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मोठं तळं घेतो ते बेटांनी भरलेलंच. केनोराजवळच्या लेक ऑफ द वुड्समध्ये चौदा हजारांहून जास्त बेटं आहेत, वारा कुठूनही येवो, आडोसा मिळतो. मात्र टोरोंटोहून ते जवळजवळ एकोणीसशे किलोमीटर आहे, विनिपेगहून जेमतेम दोनशे. टोरोंटोकरांनी विमानाने विनिपेगला उतरून गाडी भाड्याने घ्यावी. निपिसिंगमधून निघणारी फ्रेंच नदी हाही चांगला पर्याय आहे. तिचे अरुंद, खडकांनी झाकलेले फाटे वाऱ्यातही चालतात आणि अंतर आटोक्यात राहतं.

लाक सुल या तळ्याचं नाव वॉलायसाठी सगळे घेतात, आणि योग्यच घेतात. तिथलं पाणी इअर फॉल्सच्या धरणाने चढवलेलं आहे. पाण्याखाली बुडालेली झाडं आहेत, तिथे मोटरचं पातं तुटतं, म्हणून गाईडशिवाय पहिला दिवस काढू नका. त्या धरणाच्या पाण्यात तिथल्या मूळ रहिवाशांची घरं आणि जमिनी गेल्या. कोयना-उजनीच्या काठची माणसं ओळखतील असं ते दुःख आहे. तिथे गळ टाकताना मला ते आठवतं.

लॉज

तळं ठरलं की त्यावर लॉज फार तर चार-पाच उरतात. आता काम सोपं आहे. गाडीने पोचता येणारं, होडीने जायचं, किंवा फ्लोटप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने, उतरायचं, असे प्रकार. फ्लोटप्लेनच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका: सामानाच्या वजनावर मर्यादा, हवा बिघडली की अडकून पडायचं, आणि खर्च दुप्पट-तिप्पट. जेवणासह घ्यायचं की स्वयंपाकघर असलेली केबिन घ्यायची? आपल्याकडच्यांनी केबिनच घ्यावी. बरोबर शाकाहारी माणूस असेल तर प्रश्नच नाही. तांदूळ, डाळ, मसाले ब्रॅम्प्टनहून भरून न्या. तिकडच्या दुकानात कढीपत्ता शोधत बसू नका.

ईमेल पाठवू नका, फोन करा. आणि "मासे आहेत का" असं विचारू नका. हे विचारा:

- गेल्या वर्षी याच आठवड्यात पाहुण्यांना वॉलाय किती खोलीवर मिळत होते?
- दुपारी दोन वाजता ते कुठे गळ टाकतात?
- पाण्यात किती खालपर्यंत दिसतं?
- सलग दोन दिवस वारा असेल तर कुठे पाठवता? जवळच्या लहान तळ्यावर तुमची होडी ठेवलेली आहे का?
- होडी किती फुटी, मोटर किती ताकदीची, खोली दाखवणारं यंत्र आहे का, पेट्रोल भाड्यात धरलंय का?
- माझ्या मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का?

चांगला मालक जागेचं नाव घेऊन उत्तर देतो: "लाल झोपडीच्या पलीकडच्या टोकाला, वीस-बावीस फुटांवर." जो म्हणतो "आमच्याकडे कुठेही टाका, मासे आहेतच", त्याचे आभार मानून फोन ठेवा. वाऱ्याच्या प्रश्नाला जो थांबून, विचार करून उत्तर देतो त्याच्याकडे मी आगाऊ पैसे न घाबरता भरतो. सांगितलेल्या दरावर तेरा टक्के कर चढतो, तोही विचारून घ्या.

पहिल्या दिवशी अर्धा दिवस तरी गाईड घ्या. "पैसे वाया जातात" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या चार तासांत तो जे दाखवतो त्यावर उरलेला आठवडा चालतो.

निघण्याआधी

मासेमारीचं लायसन्स ऑनलाइन काढा. कमी मासे ठेवायची मुभा देणारं स्वस्त 'कॉन्झर्व्हेशन' लायसन्स कुटुंबाला पुरतं. पासष्टीपुढे सूट आहे ती कॅनडाच्या रहिवाशांना. पुण्याहून आलेल्या सत्तर वर्षांच्या वडिलांना लायसन्स लागतं, आणि ही चूक मी दोन घरांत पाहिली आहे. आमिषाच्या जिवंत मासोळ्या आणि जळवा घरून नेऊ नका, सरकारने आखलेल्या एका आमिष-विभागातून दुसऱ्यात त्या नेण्यावर बंदी आहे. लॉजजवळच विकत घ्या. मोटरची होडी चालवणाऱ्याकडे ऑपरेटर कार्ड हवं. नसेल तर भाड्याच्या होडीपुरती सुरक्षेची यादी लॉजवाले तुमच्याबरोबर भरून घेतात. ती लक्ष देऊन भरा, नुसती सही करू नका. किती मासे आणि किती लांबीचे ठेवायचे हे त्या वर्षीच्या नियमांत, त्या तळ्याच्या नावाने वाचा. शेजारच्या दोन तळ्यांचे नियमही वेगळे असतात.

मासे घरी आणताना प्रत्येक तुकड्यावर कातडीचा मोठा पट्टा राहू द्या आणि तुकडे वेगवेगळे, सपाट गोठवा. वाटेत तपासणी झाली तर अधिकाऱ्याला माशाची जात ओळखता आली पाहिजे आणि नग मोजता आले पाहिजेत. लॉजवर साफ करून देणाऱ्या मुलाला हे आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने सगळी कातडी काढून टाकतो.