पातळ थर चढवूनही सौर सेल सुधारत नाही? या चुका टाळा

सिलिकॉनच्या सौर सेलवर थर चढवला आणि कार्यक्षमता वाढण्याऐवजी घटली, की पहिला संशय यंत्रावर जातो. लगेच वायूंचे प्रमाण बदला, तापमान बदला सुरू होते. दोष मात्र पुष्कळदा थराच्या आधीच्या किंवा नंतरच्या पायरीत असतो.

म्हणून आधी आकडे वाचा. ओपन-सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारे व्होल्टेज) कमी असेल तर पृष्ठभागाचे पॅसिव्हेशन, म्हणजे प्रभार वाया घालवणारे दोष झाकणे, तपासा. करंट कमी असेल तर प्रकाश परावर्तनात जातोय की थरच तो गिळतोय, ते पाहा. फिल फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारातली किती शक्ती खरोखर मिळते, ते प्रमाण) पडला असेल तर बहुधा धातूच्या संपर्कांचे दुखणे.

सिलिकॉन नायट्राइडच्या परावर्तनरोधक थरात हमखास होणारी चूक जाडीची. उघडे सिलिकॉन 30 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकते. ते रोखायला 2.0 अपवर्तनांकाचा सुमारे 75 नॅनोमीटर थर लागतो (600 नॅनोमीटर तरंगलांबीला अपवर्तनांकाच्या चौपटीने भागा). हिशेब सोपा आहे, पण जाडी मोजतात गुळगुळीत वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) आणि तीच रेसिपी, म्हणजे यंत्राची ठरलेली मापे, चालवतात सूक्ष्म पिरॅमिड कोरलेल्या वेफरवर. पिरॅमिडच्या उतारांमुळे क्षेत्रफळ सुमारे 1.7 पट होते. तेवढेच द्रव्य जास्त जागेवर पसरते आणि थर बराच पातळ उतरतो. निळ्याऐवजी जांभळट-तपकिरी छटा दिसली, तर जमा करण्याचा वेळ वाढवा. पॅसिव्हेशन सुधारावे म्हणून थरात सिलिकॉनचे प्रमाण वाढवत नेण्याचा मोहही आवरा. असा थर निळा प्रकाश शोषू लागतो.

पी-टाइप (धन वाहक जास्त असलेल्या) सेलच्या मागच्या बाजूला मात्र थेट नायट्राइड नकोच. त्यातला धन प्रभार इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि संपर्काशी गळती सुरू होते. तिथे ऋण प्रभाराचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड हवा. हा थर चढवल्या चढवल्या मोजला तर निकाल अनेकदा निराशाजनक येतो आणि चांगली रेसिपी उगाच बाद होते. 400 ते 450 अंश सेल्सिअसला तापवल्यावरच त्याचे खरे रूप दिसते. जाडीची हाव मात्र नको: 5 ते 10 नॅनोमीटर पुरे, वर नायट्राइड. थर जाड झाला तर भट्टीत आतला हायड्रोजन अडकून फोड येतात.

हेटेरोजंक्शन सेलमध्ये स्फटिकी वेफरवर अस्फटिकी सिलिकॉन चढवतात; हा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा आणि उष्णतेला नाजूक. 800 अंशांच्या आसपास भाजावी लागणारी नेहमीची चांदीची पेस्ट इथे चालत नाही. 200 अंशांच्या आसपास पक्की होणारी वापरा. पारदर्शक वाहक थर स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने द्रव्य उडवून) चढवल्यावर व्होल्टेज उतरले, तर लगेच सेल फेकू नका. सौम्य तापवल्यावर ते नुकसान बरेचसे भरून येते.

आणि रेसिपीला हात लावण्यापूर्वी फोटोल्युमिनेसन्सचे (प्रकाश टाकल्यावर वेफरमधून निघणाऱ्या उजेडाचे) चित्र काढा. त्यात चिमट्याची खूण, सक्शनचे वर्तुळ किंवा पट्ट्याचा ओरखडा ठळक दिसला, तर थर सोडा आणि वेफर कोण, कशाने उचलतंय ते पाहा.