रुदंतीवर तणनाशक मारण्याआधी तिथली माती उचला

आखाजी (अक्षय तृतीया) झाली, पाऊस दाराशी आलाय. तापी-गिरणा-पांझरेकाठच्या काळ्या रानात सध्या जे पांढुरके, राखट चट्टे दिसतात ते दोन दमदार पावसांत दिसेनासे होतील. वरचा क्षार विरघळून खाली जाईल, तण सगळीकडे सारखंच माजेल. म्हणून हे काम आत्ताच करा.

चट्ट्यात रुदंती आहे का पाहा, ती जमिनीत क्षार असल्याची खूण. काही जण तिला खारडी म्हणतात. वीतभर राखाडी झुडूप, पानं बारीक आणि लवदार, शेंड्याला पांढरट फुलं. भोवतालचं गवत वाळलं तरी ही हिरवी असते. पान खारट लागतं, कारण जमिनीतलं मीठ ती पानांवाटे बाहेर टाकते (फवारलेल्या शेतात चाखू नका). कोकणच्या पुळणीवर अशीच मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा तगतात, पण तिथे कुणी केळी लावायला जात नाही. आपण रुदंतीच्या जागी सर्रास केळीचे कंद पुरतो.

हरळी, लव्हाळा, वेडी बाभूळ यांच्यावर विसंबू नका, ती कुठेही येतात. चरात पाणकणीस असेल तर पाणी तुंबतंय, हे नक्की.

दरवर्षी पाहतो. तणनाशक मारून चट्टा साफ करतात आणि मातीचा नमुना चांगल्या भागातून घेतात, नाहीतर सगळ्या शेताची माती एकत्र कालवतात. अहवाल झकास येतो. मग केळीच्या पानांच्या कडा करपतात आणि दुकानदार ‘जमीन सुधारक’ बाटली हातात ठेवतो. बाटलीने क्षार हटत नाहीत. चट्ट्याचा नमुना वेगळा, वेगळ्या पिशवीत: 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंमी खोलीवरून. सोबत बोअरचं पाणीही तपासा.

सामू (pH) 8.5 च्या आत आणि संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. तिथे जिप्समचे (सोडियम हटवायला घालतात ते खनिज) पैसे वाया, आधी चर काढा आणि गोड्या पाण्याने क्षार खाली धुवा. सामू 8.5 च्या वर, विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम 15 टक्क्यांहून जास्त, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड, ती चोपण. तिला जिप्सम, पण मात्रा अहवालावरून, दुकानातल्या गप्पांवरून नव्हे. चुनखडी जास्त असेल तर गंधकाचं विचारा. चर बुजलेला असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही.

बाकीची कामं:
- बांधालगतचे चर, नाले मोकळे करणे
- धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) हेक्टरी 40 ते 50 किलो बियाणं, 45 ते 50 दिवसांत गाडणे
- म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी (त्यात क्लोराइड असतं) सल्फेट ऑफ पोटॅश
- चट्ट्यात मूग, उडीद, केळी नको. कपाशी, गहू थोडी खार सोसतात

माझा आपला अंदाज, प्रयोगशाळेचा नव्हे: रुदंती कडेने दाट आणि मधोमध जमीन बोडकी असेल, तर मधला भाग जास्त बिघडलाय. तिथली माती तिसऱ्या पिशवीत भरा.