सूर्यावर खापर फोडण्याआधी रिसीव्हर बघा: आरसी (रेडिओने चालवायच्या) विमानवाल्यांनो, या चुका टाळा

पंचविसावं सौरचक्र (सूर्याच्या वाढत्या-घटत्या सक्रियतेचा फेरा) डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये शिखरावर पोचलं. तेव्हापासून मैदानावर विमान पडलं की एक निदान तयारच असतं: "आज सौरवादळ होतं, सिग्नल गेला." मला याची चीड येते, कारण हे वाक्य कुणी उच्चारलं की चौकशी तिथेच थांबते. मोडका फोम पिशवीत भरला जातो, रिसीव्हर (विमानातलं सिग्नल पकडणारं यंत्र) आणि सर्व्हो (विमानाची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटारी) तसेच काढून नव्या सांगाड्यात बसवले जातात आणि मूळ दोषही त्यांच्याबरोबर नव्या विमानात जातो.

केपीचा आकडा बघून निदान करणं

केपी हा ० ते ९ असा निर्देशांक आहे. दर तीन तासांत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती विचलित झालं, एवढंच तो सांगतो. आपले आजचे सेट ज्यावर चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट किती आहे, याबद्दल तो काहीही सांगत नाही. सौरज्वालांनी आणि चुंबकीय वादळांनी बिघडतं ते आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरी तिथून परतून दूरवर पोचतात, म्हणून फटका त्यांना बसतो. तुमच्या ट्रान्समीटरची लहर हातातून निघून सरळ विमानाकडे जाते, काहीशे मीटर हवेतून. आयनांबर तिच्या वाटेतच येत नाही.

मग सूर्याच्या स्वतःच्या रेडिओ गोंगाटाचं काय? हा प्रश्न रास्त आहे. सूर्याचा हा गोंगाट १९४७ पासून नियमित मोजला जातो, आणि तोही २.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या अगदी शेजारी. शांत काळात हा आकडा ७० सौर एककांच्या (सूर्याच्या रेडिओ गोंगाटाचं माप) आसपास असतो, शिखराच्या काळात २०० च्या वर जातो. २.४ गिगाहर्ट्झच्या छोट्या अँटेनात यातलं जे काही शिरतं, ते रिसीव्हरच्या स्वतःच्या औष्णिक गोंगाटापेक्षा काहीशे पटींनी कमी असतं. रिसीव्हरला त्याची चाहूलही लागत नाही.

कधीतरी मात्र सूर्य खरोखर ओरडतो. ६ डिसेंबर २००६ रोजी १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट दहा लाख सौर एककांवर गेला आणि दिवस असलेल्या बाजूचे अनेक जीपीएस रिसीव्हर उपग्रह हरवून बसले. ४ नोव्हेंबर २०१५ च्या अशाच स्फोटाने स्वीडनमधल्या हवाई वाहतुकीच्या रडारला अडथळा आला. २००६ इतका स्फोट नेमका आपल्या पट्ट्यात झाला असं धरलं, तरी रिसीव्हरचा गोंगाट फार तर दहा-बारा डेसिबलने वाढेल. १०० मिलिवॉटचा ट्रान्समीटर मोकळ्या मैदानावर ३०० मीटरवर साधारण उणे ७० डीबीएम (डेसिबलमधलं सिग्नलचं माप, जितकं जास्त उणे तितका सिग्नल कमजोर) सिग्नल देतो आणि चांगला रिसीव्हर उणे ९५ पर्यंत सहज काम करतो. म्हणजे दहा-बारा डेसिबल गेले तरी विमान हातात राहतं. तुमचं विमान शंभर मीटरवर कोसळलं असेल तर कारण विमानातच शोधा.

रिसीव्हरच्या वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष

माझ्या मते "सिग्नल गेला" म्हणून नोंदल्या जाणाऱ्या अपघातांत सगळ्यात मोठा वाटा याचाच आहे.

१० आणि ११ मे २०२४ ला जी-५ दर्जाचं, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं, चुंबकीय वादळ आलं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलंच. त्या शनिवारी आमच्या मैदानावर एका तरुणाने नवं एरोबॅटिक विमान आणलं होतं. डिजिटल सर्व्हो, मोठे कंट्रोल सरफेस (विमान वळवणारी पाती) आणि ईएससीतली (मोटारचा वेग ठरवणारं यंत्र) अंगची लिनियर बीईसी, म्हणजे मुख्य बॅटरीतून रिसीव्हर आणि सर्व्होंना कमी व्होल्टेजची वीज देणारा भाग. सुरुवातीची उड्डाणं त्याने तीन सेलच्या लिपो बॅटरीवर केली, मग हौसेने चार सेलची जोडली. सकाळी सगळं ठीक होतं. दुपारी एका लूपच्या तळाशी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं) ओढला आणि विमान सरळ जमिनीत गेलं. "काका, केपी नऊ आहे, बघा," म्हणत तो फोन दाखवायला आला. आजूबाजूचे चार जण माना डोलावत होते आणि एक जण बॅटरी काढायला निघालाच होता.

मी त्याला थांबवलं. प्रॉप (पुढचा पंखा) तुटलेला होता, बॅटरीला मार लागलेला नव्हता, आणि रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता. त्या रिसीव्हरमध्ये याचा अर्थ एकच: उडताना वीज खाली गेली आणि तो पुन्हा सुरू झाला. बॅटरी काढली असती तर हा पुरावा तिथेच पुसला गेला असता. नंतर टेबलावर तोच संच जोडला, सगळ्या स्टिक एकदम हलवल्या आणि सर्व्होचे हात बोटांनी दाबून धरले. मीटरवर ५ व्होल्टचे क्षणात साडेतीनच्या खाली आले.

कारण साधं आहे. लिनियर बीईसी जादाचं व्होल्टेज उष्णता करून उडवते. भरलेली चार सेलची बॅटरी १६.८ व्होल्ट देते. त्यातून ५ व्होल्ट काढायचे आणि सर्व्होंनी १ अँपिअर ओढला, तर जवळपास १२ वॉट उष्णता नखाएवढ्या चिपमध्ये तयार होते. चिप तापते, स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडते आणि रिसीव्हर बंद पडतो. तो पुन्हा जागा होऊन ट्रान्समीटर शोधेपर्यंत विमान जमिनीवर पोचलेलं असतं.

माझी सवय अशी आहे की चार किंवा जास्त सेल असतील, किंवा चारपेक्षा जास्त सर्व्हो असतील, तर वेगळी स्विचिंग बीईसी (जादाचं व्होल्टेज असं उष्णतेत न उडवणारी) लावायची, सर्व्होंच्या एकूण स्टॉल करंटच्या (हात अडवून धरल्यावर ते ओढतात तो प्रवाह) निम्म्याहून जास्त क्षमतेची. टेबलावर दाबून बघितल्याशिवाय नवं विमान मी मैदानावर नेत नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. तेवढा धीर नसेल तर मोठी विमानं बांधू नयेत.

अँटेना हवी तशी कोंबणं

२.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला साधी अँटेना असेल, तर खरं काम करतो तो टोकाचा उघडा तुकडा, साधारण ३१ मिलिमीटरचा, पाव तरंगलांबी. त्यामागचा जाड भाग फक्त वाहक केबल आहे. नवशिके नेमकं टोक दुमडतात, बॅटरीखाली दाबतात किंवा कार्बन फायबरच्या ट्यूबला चिकटवतात. कार्बन वीज वाहून नेतो, रेडिओलहरींना तो भिंतच. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींना काटकोनात हव्यात, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी दिसत राहते. मी टोकांवर पातळ प्लास्टिकची नळी चढवतो आणि ती मोटारच्या तारांपासून शक्य तितकी दूर चिकटवतो. ट्रान्समीटरची दांडी अँटेना विमानाकडे रोखून धरू नका, टोकाच्या दिशेने ती सगळ्यात कमी प्रक्षेपण करते.

रेंज चेक टाळणं

रेंज चेक म्हणजे सिग्नल किती दूर पोचतो ते उडण्याआधी जमिनीवर तपासणं. ट्रान्समीटरमध्ये कमी शक्तीची सोय असते ती याचसाठी. उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर उभं राहा, कुणाला तरी विमान फिरवायला सांगा आणि एकदा मोटार चालू ठेवूनही बघा. मोटार बंद ठेवून केलेली तपासणी मी मानत नाही.

फेलसेफ न बसवणं

फेलसेफ म्हणजे सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणं. पुन्हा बाइंड केलंत (रिसीव्हरची ट्रान्समीटरशी जोडी जुळवलीत) की फेलसेफही पुन्हा बसवा. थ्रॉटल (मोटारची गती) शून्य. मग प्रॉप काढून, ट्रान्समीटर बंद करून खात्री करा.

जुने सेट आणि नवे ड्रोन एकाच मापाने मोजणं

सूर्याचा खरा परिणाम कुठे होतो, हेही नीट माहीत हवं. २७ मेगाहर्ट्झचे जुने सेट हा त्यातला एक भाग. सौरचक्राच्या शिखरावर दिवसा आयनांबर ही वारंवारिता परतवू शकतं, आणि हजारो किलोमीटरवरची सिटिझन बँडची (सामान्य लोकांच्या बोलण्याच्या रेडिओपट्ट्याची) बडबड तुमच्या रिसीव्हरमध्ये येऊ शकते. ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर हे क्वचितच होतं. असा जुना सेट हलक्या, हळू विमानात ठेवावा. जड विमानात मी तो बसवू देत नाही.

दुसरा भाग जीपीएसवर चालणाऱ्यांचा. उपग्रहांचे १५७५.४२ मेगाहर्ट्झचे सिग्नल सगळं आयनांबर ओलांडून येतात. वादळात त्यांना लागणारा उशीर बदलतो आणि जागा चुकते. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सूर्यास्तानंतर हे सिग्नल जोराने लुकलुकतातही. हाताने उडवणाऱ्याला याने फरक पडत नाही, पण आपोआप परत येण्यावर भरवसा ठेवणाऱ्याला नक्की पडतो. अशा दिवशी स्वयंचलित उड्डाण पुढे ढकला, आणि जीपीएसशिवाय हाताने उतरवण्याचा सराव आधीच करून ठेवा.

होकायंत्राबाबत मात्र लोक उगाच घाबरतात. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला असतं. ध्रुवांपासून दूर मोठ्या वादळातही ते काहीशे नॅनोटेस्लाच हलतं. याउलट १० अँपिअर वाहणारी एकटी तार दोन सेंटिमीटरवर तब्बल एक लाख नॅनोटेस्लाचं क्षेत्र उभं करते. ड्रोन जागेवर थांबण्याऐवजी वाढत्या गोलात फिरू लागला तर आकाशाकडे बघू नका. बॅटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून घ्या, होकायंत्र उंच दांडीवर न्या आणि कॅलिब्रेशन गाडीच्या बॉनेटवर करू नका.

सूर्याचा प्रकाश आणि ऊन विसरणं

सूर्य विमान पाडतो तो बहुतेक वेळा डोळ्यांवाटे. संध्याकाळी विमान सूर्यबिंबासमोरून नेलं की क्षणभर काहीच दिसत नाही, आणि घाबरून स्टिक हलवली की ते कुठल्या बाजूला झुकलंय ते कळत नाही. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा. शिरलंच विमान त्या पट्ट्यात, तर स्टिक आहे तशी धरा, मोकळ्या हाताने सूर्यबिंब झाका आणि ते पलीकडून बाहेर येण्याची वाट बघा. बंद गाडीत लिपो उन्हात ठेवू नका. फुगलेली बॅटरी तर "एक शेवटचं उड्डाण" म्हणूनसुद्धा लावायची नाही.