मोडीचा कागद आणि कादंबरीतलं चांदणं

"इतिहासात एम.ए. करतोय. मध्ययुगावर संशोधन करायचंय, कादंबऱ्याही लिहायच्यात. सुरुवात कुठून करू?" असं विचारणारं कुणीतरी अधूनमधून भेटतंच. मी उलट विचारते, मोडी येते का? जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत, ती.

मलाही येत नव्हती. एम.ए. झालं, प्राध्यापकीची सेट परीक्षा झाली, आणि पुण्याला पेशवे दफ्तरातला, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांतला, पहिला रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) सोडला तेव्हा आपण चक्क निरक्षर आहोत हे कळलं. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. मुळाक्षरं महिनाभरात येतात, पण घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचं वळण वाचायला मला दोन वर्षं लागली. तोवर छापील साधनं होतीच: इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड, वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२. शिवकाळाकडे वळायचं असेल तर फारसीही लागते. ती मी चाळिशीत शिकले. फार उशीर केला.

मग तारखा. जुन्या कागदांत साल अरबी अंकशब्दांत असतं: 'इहिदे सितैन मया व अलफ' (एक, साठ, शंभर आणि हजार) म्हणजे शुहूर सन ११६१. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून १७६१. तारखेच्या आकड्याआधी 'छ' असतो, तो चंद्राचा. 'छ १' म्हणजे चंद्रदर्शनापासूनचा पहिला दिवस.

हे सगळं मी वर्गात शिकवत होते, आणि तरी पहिल्या कादंबरीत माझा सांडणीस्वार पिठूर चांदण्यात निघाला. ज्या पत्रावरून प्रसंग रचला त्यावर 'छ २८' होतं. म्हणजे अमावास्या तोंडावर! एका वाचकाने पोस्टकार्डावर दोनच ओळींत माझी लाज काढली.

दुसऱ्या आवृत्तीसाठी तो प्रसंग अंधारात लिहायला घेतला. अंधार म्हटल्यावर स्वाराला वाट दाखवायला कुणीतरी हवं, म्हणून गावातला एक वाटाड्या आला. चार वाक्यं बोलून जायचा तो, पण हलेचना. शेवटी त्याच्यासाठी दोन प्रकरणं वाढवली. चांदणं ठेवलं असतं तर हा माणूस मला भेटलाच नसता.

पोटापाण्याचं म्हणाल तर नोकरी आधी बघा. मानधनावर घर चालत नाही, निदान माझं नाही चाललं. कॉलेजात मी 'कादंबरीवाल्या बाई', आणि साहित्यिकांच्या बैठकीत 'सनावळीवाल्या'. बढतीच्या अर्जात कादंबरीपुढे शून्य पडलं तेव्हा आठवडाभर धुसफुसत होते.

पण त्या वाटाड्याला मोबदला काय मिळत असेल, हे डोक्यातून जाईना. त्यासाठी जमाखर्चाचे कागद उपसायला बसले, अडीच वर्षं गेली, आणि त्यातून वाटाडे-जासुदांवर एक शोधनिबंध निघाला. त्याचे गुण मात्र बढतीसाठी धरले गेले.