शाळा तपासणीच्या सिस्टरांनो, साथ आली की आधी पोच घ्या

आपल्याकडे शाळेत नर्स नसते हे आधीच सांगून टाकते. इंटरनेटवर बाहेरच्या देशांचं काही वाचलं की तिथे शाळेत नर्सची खोली असते, बेड असतो, आणि साथीत त्या नर्सचं काय झालं यावर चर्चा चालते. आपल्याकडे आहे ते आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, तो 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. एका पथकात दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक एएनएम (उपकेंद्रावर असते ती नर्सबाई) किंवा स्टाफ नर्स, भाड्याची गाडी, वजनकाटा आणि उंचीची पट्टी, शाळा वर्षातून एकदा आणि अंगणवाडी दोनदा. तेव्हा शाळेची नर्स म्हणाल तर ती आम्हीच, फक्त एका शाळेची नाही, अख्ख्या तालुक्याची, आणि तीसुद्धा कंत्राटी.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि आमचं मूळ कामच गेलं, मग ज्याला जिथे माणूस कमी पडेल तिथे आम्हाला पाठवलं. मी आधी तालुक्याच्या हद्दीवर चेकपोस्टला थर्मल गन घेऊन उभी होते, नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुंबई-पुण्याहून आलेल्या लोकांना ठेवलं होतं तिथे. त्याच शाळेत डिसेंबरमध्ये आम्ही पोरांचे दात आणि डोळे तपासून गेलो होतो, आता त्याच बाकांवर मोठी माणसं चादर टाकून झोपलेली, आणि भिंतीवर पाढे. ह्या सगळ्या कामाची लेखी ऑर्डर मला कधी मिळाली माहितीय? पहिली ऑर्डर सातव्या आठवड्यात, ती पण मी मागितली म्हणून. तोपर्यंत फोन आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर "उद्या सकाळी 8 ला अमुक पॉइंट, सर्वांनी हजर राहावे" एवढंच. म्हणून हे लिहितेय, पुढच्या वेळी माझ्यासारखं व्हायला नको.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे तोंडी ऑर्डर कागदावर आणणं. ड्युटीला नाही म्हणायचं नाही, साथीत नाही म्हटलं तर तुमच्यावरच येतं, आणि खरं सांगायचं तर आपल्याला नाही म्हणवतही नाही. जायचं, पण त्याच दिवशी एक अर्ज टाकायचा. वकिली भाषा नको, असा साधा लिहा:

"मा. वैद्यकीय अधीक्षक, ग्रामीण रुग्णालय. विषय: लेखी आदेश मिळणेबाबत. महोदय, दि. अमुक रोजी दूरध्वनीवरून मिळालेल्या सूचनेनुसार मी अमुक ठिकाणी साथरोग नियंत्रणाच्या कामासाठी सकाळी 8 वाजता हजर झाले आहे. सदर कामाचा कालावधी, वेळ आणि मिळणारे सुरक्षा साहित्य नमूद करून लेखी आदेश मिळावा, ही नम्र विनंती."

दोन प्रती काढा, एक आवक टेबलला द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्या, हीच ती पोच. क्लार्क म्हणेल ठेवा इथे मग बघतो, तर तिथून हलू नका, बाकावर बसा. पोच नाहीच दिली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती पण चालते, किंवा ऑफिसच्या ईमेलवर टाका. आणि हो, "हजर झाले आहे" हे शब्द असलेच पाहिजेत, कारण काम नाकारलं असा आरोप ह्या एका वाक्याने उडून जातो.

कागदाला एवढं का धरून बसलेय ते सांगते. 30 मार्च 2020 ला केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचा विमा आणला, त्यात कंत्राटी आले, आउटसोर्सचे आले, नाव नोंदवायची गरज नव्हती, हप्ता सरकारचा. ऐकायला झकास. पण क्लेम करताना पॉझिटिव्ह रिपोर्ट, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा तर लागायचाच, शिवाय कार्यालयाचं एक सर्टिफिकेट लागायचं की हा माणूस आमच्याकडे कामाला होता आणि त्याला अशा ड्युटीवर लावलं होतं जिथे पेशंटशी थेट संपर्क येऊ शकतो. पुढे 2021 मध्ये हे प्रमाणित करायचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. आता ड्युटी फोनवरून लावलेली असेल तर सर्टिफिकेट लिहिणारा काय बघून लिहिणार?

आमच्या शेजारच्या पथकाचा ड्रायव्हर दुसऱ्या लाटेत गेला. गाडी ठेकेदाराची, ऑर्डर कुणाचीच नाही. त्याची बायको चार महिने ह्या टेबलवरून त्या टेबलवर, ठेकेदार म्हणे ऑफिसला विचारा आणि ऑफिस म्हणे ठेकेदाराचा माणूस. शेवटी कामाला आलं गाडीचं लॉगबुक. रोजचे किलोमीटर, कुठून कुठे, "स्वॅब घेऊन जिल्हा रुग्णालय", आणि शेजारी डॉक्टरांची सही. निळ्या शाईने मळकट झालेली ती वही होती म्हणून ते प्रकरण उभं राहिलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, लॉगबुकच्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो रोज काढून ठेवा, आणि स्वतःची एक डायरी ठेवा ज्यात तारीख, जागा, किती वाजता गेले, किती वाजता सुटले, किती लोक तपासले, काय सामान मिळालं आणि काय नाही मिळालं, एवढ्या चार ओळी असतील. पुढच्या साथीला योजनेचं नाव वेगळं असेल, पण कागद हेच मागतील असं माझं मत.

सामानाचं पण तसंच. मास्क नाही मिळाला ही तक्रार चहाच्या टपरीवर केली तर ती गप्पा होते. लिहायचं कसं, तर "दि. 4 ते दि. 9 या काळात 3 कर्मचाऱ्यांना मिळून 5 मास्क मिळाले, मागणी 18 ची होती", आकडा घालून, आणि खाली पोच. स्टोअरच्या स्टॉक रजिस्टरवर तुमच्या नावापुढे जे दिलं म्हणून लिहिलंय ते न वाचता सही करू नका, माझ्या नावावर दहा पीपीई किट (अंगभर घालायचा सुरक्षा पोशाख) दाखवली होती आणि मी दोन पाहिली. आणि एक गोष्ट जी कुठल्याच मागणीपत्रात नसते कारण मागणीपत्र पुरुष लिहितात, किट घातल्यावर सहा तास बाथरूमला जाता येत नाही, पाळी असेल तर विचारूच नका. त्यामुळे किट घालायची-काढायची वेगळी खोली, बायकांसाठी चालू पाणी असलेला संडास, आणि किटमधला वेळ ठरलेला, हे तिन्ही लिहूनच मागा. लाजायचं काय त्यात. गरोदर बाईला किंवा ज्या सिस्टरला शुगर, दमा आहे तिला थेट पेशंटच्या ड्युटीतून वगळा असा अर्ज सर्टिफिकेट जोडून पहिल्याच दिवशी टाका, दहा दिवसांनी टाकला तर लोकांना तो बहाणा वाटतो.

क्वारंटाइन झालात तर ते दिवस रजेत टाकू देऊ नका. सुप्रीम कोर्टाने 31 जुलै 2020 ला ह्यावर स्पष्ट भूमिका घेतली होती की क्वारंटाइनचा काळ ड्युटीच धरायचा, आणि पगार वेळेवर द्यायचा हे पण त्याच प्रकरणात आलं. आमच्याकडे हजेरीपटावर सरळ "किरकोळ रजा" लिहून मोकळे झाले होते. चार जणींनी मिळून अर्ज दिला, कोर्टाच्या आदेशाची तारीख घातली, आणि आठ दिवसांत दुरुस्त झालं. एकटीने दिला असता तर झालं नसतं, कारण मी आधी एकटीने दिलाच होता.

मारहाण, शिवीगाळ, घरमालकाने घर खाली करायला लावणं, ह्याला 2020 मध्ये साथरोग कायद्यात केलेली दुरुस्ती लागू होते. मूळ कायदा 1897 चा, दुरुस्तीत आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा केली तर 3 महिने ते 5 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड, गंभीर दुखापत असेल तर 6 महिने ते 7 वर्षं आणि 1 लाख ते 5 लाख. तपास 30 दिवसांत पूर्ण करायचा असतो. आणि जगण्यात किंवा कामात अडथळा येईल असा त्रास देणं हे पण त्यात हिंसाच धरलंय, हे ठाणे अंमलदाराला बहुतेक माहीत नसतं, तेव्हा कलमाची प्रिंट सोबत न्या. ह्या तक्रारीला एकट्या जाऊ नका, डॉक्टरांना किंवा संघटनेच्या माणसाला घेऊन जा.

आता संघटना. कंत्राटी बाईला पहिली भीती हीच की पुढची ऑर्डर निघणार नाही. आपली ऑर्डर अकरा महिन्यांची, आणि साहेबाने तोंडाने काही न बोलता नुसतं त्या तारखेकडे बोट दाखवलं तरी आपण गप्प होतो. म्हणून साथ आल्यावर संघटना शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो, ती आधीच हवी. संघटनेच्या नोंदणीला किमान 7 सभासद लागतात, हे 1926 च्या कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पण आहे. पण सात जणींची नवी संघटना काढायच्या आधी असलेल्या बघा, जिल्ह्यात बहुतेक दोन-तीन असतातच. कुठली निवडायची? नोंदणी नंबर विचारा, वर्गणीची छापील पावती देतात का बघा, मागची निवडणूक कधी झाली विचारा. चिडले तर समजून जा. लेटरहेडवर दहा पदाधिकारी आणि त्यात एकही बाई नाही, अशा संघटना मी बघितल्यात, सभासदांत मात्र बायकाच बायका.

आरबीएसकेत अजून एक गोम आहे. पथकात डॉक्टर पण कंत्राटी आणि आपण पण कंत्राटी, पण निवेदन द्यायला जातात ते डॉक्टर, आणि परत येताना स्वतःच्या मानधनाचं बोलून येतात. त्यात त्यांचा दोष नाही, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. उपाय हा की प्रत्येक केडरचा, म्हणजे डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स असा प्रत्येकाचा, एक प्रतिनिधी चर्चेला गेलाच पाहिजे असं आधीच्या मीटिंगमध्ये ठरवून वहीत लिहून घ्यायचं. चर्चेला तिघांपेक्षा कमी जाऊ नका, एकीने बोलायचं आणि एकीने फक्त लिहायचं. बाहेर आल्यावर त्याच दिवशी "आजच्या चर्चेत खालील मुद्दे मान्य झाले" असं पत्र देऊन त्याची पण पोच घ्या, ऑफिस इतिवृत्त काढेल याची वाट बघू नका. सह्यांच्या निवेदनावर पहिलं नाव कुणाचं ह्यावरून भांडणं होतात, आम्ही सह्या गोलात केल्या, कोण पहिलं कळतच नाही.

आशाताईंकडून शिकण्यासारखं आहे. 15 जून 2021 ला, दुसरी लाट उतरत असताना, राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एका कृती समितीत आल्या, आणि आठवडाभरात महिन्याला 1000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता पदरात पडला. रक्कम छोटी आहे मान्य, पण मानधनावरच्या बायकांनी साथीच्या मध्यात मिळवली. आम्ही नर्स असून तेव्हा व्हॉट्सअॅपवर रागावलेले इमोजी टाकत बसलो होतो.

थेट संपावर उडी मात्र मारू नका. आधी निवेदन, मग काळ्या फिती लावून काम, मग ऑनलाइन रिपोर्टिंग बंद, ज्यात पेशंटचं काही अडत नाही पण वरच्या मीटिंगमध्ये आकडे कोरे दिसतात आणि फोन यायला लागतात, हे सगळ्यात जास्त चालतं असा माझा अनुभव. संपच करायचा तर 14 दिवस आधी नोटीस, आणि मेस्मा (अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा राज्याचा कायदा) लावलाय का हे वकिलाला विचारूनच, कारण मेस्मा लागू असताना संप केला तर अटक होऊ शकते.

काहीच उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, 150 शब्दांच्या आत, आणि 30 दिवसांत उत्तर. "का दिलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तरच देत नाहीत. "अमुक ते अमुक तारखेच्या ड्युटी आदेशांच्या प्रती आणि सुरक्षा साहित्याच्या स्टॉक रजिस्टरच्या प्रती मिळाव्यात" असं कागद मागा.

आत्ता साथ नाही मग हे कशाला, असं परवा एक जण म्हणाली. तिला म्हटलं 14 मार्च 2024 चा शासन निर्णय बघ, 10 वर्षं सेवा झालेल्या एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कर्मचाऱ्यांच्या (आपण त्यातच येतो) समायोजनाचा, म्हणजे नियमित पदांवर सामावून घेण्याचा, ज्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून 19 ऑगस्ट 2025 पासून परत संप करावा लागला. दहा वर्षं झाली हे सिद्ध कशाने करणार? दर वर्षीच्या नियुक्ती आदेशाने. तिच्याकडे 2016 आणि 2019 चे आदेश नव्हतेच. तर ह्या आठवड्यात एवढं करा, आहेत ते सगळे आदेश वर्षाप्रमाणे लावा, नसतील त्यांची प्रत अर्ज करून मागा, आणि व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या ड्युटीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, काढताना वर तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे, नाव सेव्ह असेल तर नंबर दिसत नाही, तेव्हा कॉन्टॅक्ट उघडून त्याचा वेगळा काढा. मोबाइल बदलायच्या आधी प्रिंट मारून घ्या. झेरॉक्सवाल्याला सांगा थोडं डार्क मार म्हणून, शिक्के फार फिके येतात.