रातकिड्यांच्या आवाजावरून तापमान कसे ओळखावे

रातकिड्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. हवा गारठली की त्याच्या स्नायूंमधल्या रासायनिक क्रिया मंदावतात, पंखावर पंख घासण्याचा वेग उतरतो आणि किरकिर विरळ होते. उकाड्याच्या रात्री तोच किडा भराभर ओरडतो. अमेरिकेतील टफ्ट्स कॉलेजचे भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ साली हा संबंध सूत्रात मांडला.

त्यांनी किड्याची जात मात्र लिहिली नाही. उत्तर अमेरिकेत झाडाझुडपांवर राहणारा फिकट, पांढुरका वृक्ष-रातकिडा त्यांच्या मनात असावा, असे अभ्यासक मानतात. प्रत्येक जातीची लय वेगळी असते. म्हणून न्यू जर्सी किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या अखेरीस हे सूत्र थेट वापरून पाहावे. महाराष्ट्रातल्यांनी आपल्या अंगणातल्या किड्याचे सूत्र स्वतः बनवावे. मला तर हेच काम जास्त आवडते.

१. आवाज निवडा. अखंड ‘किर्रर्र’ मोजता येत नाही. ‘क्रिक… क्रिक… क्रिक’ असा तुटक, एकसारखा आवाज हवा, तोही शक्यतो एकाच किड्याचा. वर सांगितलेल्या अमेरिकन जातीचे शेजारी-शेजारी बसलेले नर एका तालात गातात, त्यामुळे तिथे मोजणी सोपी जाते. गाणारे फक्त नरच. बॅटरीचा उजेड पाडू नका, पाय आपटू नका. किडा गप्प झाला तर जागेवरच थांबा, थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू होतो.

२. मोजा. एक पूर्ण मिनिट मोजायचे, असे तीनदा, आणि सरासरी काढायची. तोंडाने आकडे म्हणत बसलात तर शंभराच्या पुढे जीभ मागे पडते. त्यापेक्षा प्रत्येक आवाजाला कागदावर एक टिंब द्या. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मोबाइलवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐकणे.

३. सूत्रात घाला. मिनिटातल्या संख्येतून ४० वजा करा, ७ ने भागा, १० मिळवा. संख्या ११२ आली तर ७२ भागिले ७ म्हणजे साधारण १०.३, तापमान सुमारे २० अंश सेल्सिअस. तोंडी हिशेब हवा असेल तर ८ सेकंदांतले आवाज मोजून त्यात ५ मिळवा.

४. आपल्या किड्याचे सूत्र. इथे घाई करू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यापासून थंडी पडेपर्यंतचा काळ उत्तम, कारण रात्रीच्या तापमानात भरपूर फरक मिळतो. त्याच झुडपाजवळ, किडा बसतो त्या उंचीवर साधा थर्मामीटर टांगा. दर खेपेला संख्या आणि तापमान वहीत लिहा, मग आलेखाच्या कागदावर बिंदू मांडा. ते जवळपास सरळ रेषेत पडतील. समजा, १८ अंशांना ९० आणि २६ अंशांना १३८ आवाज मिळाले. ८ अंशांत ४८ वाढले, म्हणजे अंशाला ६. मग १०८ आवाज आले की ते ९० पेक्षा १८ ने जास्त, १८ भागिले ६ म्हणजे ३; हे १८ अंशांत मिळवायचे: २१ अंश.

दोनच बिंदूंवर रेषा ओढू नका, निदान आठ-दहा तरी जमवा. एखादा बिंदू फारच बाजूला पडला तर बहुधा दुसऱ्याच जातीचा किडा मोजला गेला असेल, किंवा जवळ आलेल्या मादीसाठी वा प्रतिस्पर्धी नरासाठी त्याने सूर बदलला असेल.

उत्तर मोबाइलवरच्या हवामानाशी जुळलेच पाहिजे असे नाही. किडा आपल्या बसल्या जागेचे तापमान सांगतो. दिवसभर तापलेल्या भिंतीच्या फटीतला किडा मोकळ्या झुडपावरच्यापेक्षा भराभर ओरडेल, आणि त्याच्यापुरते ते बरोबरच असेल. डॉल्बेअर यांचे सूत्र साधारण १३ ते ३८ अंशांच्या दरम्यानच धरावे. कडाक्याच्या थंडीत किडे गातच नाहीत. तेव्हा थर्मामीटरच पाहावा लागतो.