प्रोग्रॅमिंग केबल जोडण्याआधी

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या एका लहान कार्यशाळेत मी उमेदवारी केली. गळीत हंगामाच्या तोंडावर तिथे साखर कारखान्यांच्या गाड्यांमधील सेट येत. बहुतेकांत बिघाड नसे, फक्त चॅनेल बदलून हवे असत. त्यासाठी सेट संगणकाला जोडणारी प्रोग्रॅमिंग केबल बाजारात तयार मिळते, तरी ती स्वतः जोडणाऱ्याला सेट आणि संगणक यांच्यात नेमके काय घडते हे उमगते, म्हणून आमचे मेस्त्री नवख्याला हेच काम आधी देत.

संगणकाच्या जुन्या सिरियल पोर्टवरील आरएस-२३२ संदेश उणे आणि अधिक अशा दोन्ही बाजूंना ३ ते १५ व्होल्टपर्यंत झुलतो, तर सेटमधील प्रोसेसरला शून्य ते ५ किंवा ३.३ व्होल्टच सोसतात. म्हणून पोर्टच्या तारा सेटला थेट जोडू नयेत. मध्ये व्होल्टेज जुळवून देणारी मॅक्स२३२ सारखी चिप हवी, नाहीतर आज सर्रास वापरतात तसा यूएसबी-टीटीएल अॅडॉप्टर घ्यावा (टीटीएल म्हणजे शून्य ते ५ व्होल्टचा संदेश). अॅडॉप्टर हाती आल्यावर त्याचे टीएक्स (पाठवणारे टोक) आणि आरएक्स (घेणारे टोक) एकमेकांना जोडून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये चार अक्षरे टंकावीत. ती परत उमटली, तर ड्रायव्हर आणि चिप ठीक आहेत.

पुष्कळ सेटांत येण्याजाण्याच्या दोन स्वतंत्र तारा नसून एकच डेटा तार असते. तिथे आरएक्स त्या तारेला सरळ जोडावा आणि टीएक्स डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, डायोडवरील पट्टा टीएक्सकडे ठेवून. असे केल्याने अॅडॉप्टर तार खाली ओढू शकतो, पण सेट बोलत असताना तिला वर धरून ठेवत नाही. १एन४१४८ डायोडने बहुधा भागते. तरी त्यावर सुमारे ०.७ व्होल्ट राहतात आणि टीटीएलमध्ये ०.८ व्होल्टपर्यंतच शून्य धरले जाते, म्हणून मी त्याहून कमी व्होल्ट राहणारा शॉटकी डायोड पसंत करतो.

माझी खरी चूक मात्र प्लगमध्ये झाली. गाडीत बसवायच्या अनेक (मोबाइल) सेटांत माइकच्या, नेटवर्कच्या सॉकेटासारख्याच आठ पिनांच्या सॉकेटातूनच प्रोग्रॅमिंग होते आणि त्याच सॉकेटात माइकचा वीजपुरवठाही असतो, काही सेटांत तर थेट बॅटरीइतका. पिनांची आकृती सॉकेटची आहे की प्लगची, हे न पाहता मी तारा जोडल्या. नेटवर्कच्या प्लगमध्ये सोनेरी पट्ट्या आपल्याकडे आणि तार खाली धरली, की पहिली पिन डावीकडे येते. सेटचे काही निर्माते मात्र उलट्या बाजूने मोजतात. पुरवठा डेटाच्या तारेवर आला आणि अॅडॉप्टर क्षणात जळाला. मेस्त्री एवढेच म्हणाले, "आकृती नंतर बघ, आधी मीटर लाव." तेव्हापासून मी सेट चालू करून सॉकेटातील प्रत्येक पिनेचे सेटच्या जमिनीशी (ग्राउंडशी) व्होल्टेज मोजतो आणि कागदावर लिहून ठेवतो, पुरवठ्याची पिन सापडली, की केबलमधील त्या जागेची तार तोडून टोक हीट श्रिंकने (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीने) झाकतो. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कोणती तार कोणत्या पिनेपर्यंत जाते ही कंटिन्युइटीच मीटरने तपासावी. नेटवर्कची जुनी पॅच कॉर्ड कापून घेतली तर क्रिम्पिंगची, म्हणजे तारेवर प्लग दाबून बसवण्याची, कटकटही उरत नाही.

जोडताना जमिनीची तार आधी लावावी, काढताना शेवटी. सेटला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (लहरी बाहेर न सोडता शक्ती जिरवणारा रोधक) लावावा, कारण चुकीच्या जोडणीने पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दबल्यासारखे झाले तर सेट नकळत प्रक्षेपण सुरू करतो. पुरवठा १२ व्होल्टच्या बॅटरीवरून घेतलेला बरा. लिहिण्याच्या मध्यात वीज गेली की लॅपटॉप तगतो, सेट नाही.

पहिल्यांदा सेटमधील माहिती फक्त वाचावी, जतन करावी, पुन्हा वाचून दोन्ही फायली जुळतात का पाहावे, आणि मगच लिहावे. वारंवारताही केंद्राच्या दूरसंचार विभागातील वायरलेस परवाने देणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेने त्या ग्राहकाला परवान्यात दिलेल्याच भराव्यात. परवान्याची प्रत मागितल्यावर कुणी कुरकुर केली, तर सेट काम न करता तसाच परत द्यावा. शेवटी केबलवर सेटच्या मॉडेलची चिठ्ठी बांधावी, कारण तसाच प्लग दुसऱ्या कंपनीच्या सेटातही अगदी सहज बसतो.